जॉन हार्टफर्ड : एका गाण्याच्या मिळकतीवर उभे राहिलेले संगीत

खर्जषड्ज

ब्लूग्रास (अमेरिकेतले तंतुवाद्यांवरचे लोकवळणाचे संगीत) किंवा कंट्री संगीताचा विषय मराठी श्रोत्यांत निघाला की बिल मन्रो, जॉनी कॅश, डॉली पार्टन अशी चारसहा नावे येतात आणि बोलणे तिथेच थांबते. चर्चेचा हा धागा अमेरिकन संगीतकार जॉन हार्टफर्ड (१९३७–२००१) याच्याविषयी आहे. बँजो आणि फिडल (लोकशैलीत वाजवले जाणारे व्हायोलिन) ही त्याची वाद्ये. गीतकार म्हणून त्याची ओळख मुख्यतः 'जेंटल ऑन माय माइंड' या एका गाण्यामुळे झाली, आणि याच्या जोडीला तो वाफेच्या नदीबोटीचे सुकाणू धरणारा परवानाधारक पायलटही होता. ते गाणे गायक ग्लेन कॅम्पबेलच्या आवाजात अमेरिकेत घरोघर पोचले, त्याच्या मिळकतीने हार्टफर्डची पोटापाण्याची चिंता मिटवली, आणि त्या जोरावर त्याने पुढची तीसएक वर्षे बाजाराने न मागितलेले संगीत केले. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीची किल्ली या व्यवहारात आहे.

त्याचा जन्म ३० डिसेंबर १९३७ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला, पण तो वाढला मिझुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात. वडील डॉक्टर होते आणि आई चित्रकार. घरात स्क्वेअर डान्सची आवड असल्यामुळे फिडलचे सूर लहानपणापासून कानावर पडत होते, आणि तेराव्या वर्षाच्या आसपास तो फिडल व बँजो ही दोन्ही वाद्ये वाजवू लागला. अर्ल स्क्रग्जचा बँजो ऐकल्यावर मात्र त्याचा मार्ग ठरल्यासारखा झाला. हा तोच स्क्रग्ज, जो डिसेंबर १९४५ मध्ये बिल मन्रोच्या 'ब्लू ग्रास बॉइज'मध्ये दाखल झाला आणि ज्याच्या तीन बोटांच्या वादनशैलीमुळे ब्लूग्रासला आज आपण ओळखतो तो आवाज मिळाला. हार्टफर्डने सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात व्यावसायिक चित्रकलेचे शिक्षण घेतले, रेडिओवर निवेदकाची नोकरी केली, गावोगावच्या ब्लूग्रास मंडळींबरोबर वाजवले आणि १९६५ मध्ये तो नॅशव्हिलला आला. तिथे ग्लेझर बंधूंच्या प्रकाशनसंस्थेने त्याची गाणी घेतली. १९६६ मध्ये त्याचा आरसीए या ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला. कंपनीची नॅशव्हिलमधली सूत्रे चेट ॲटकिन्सच्या हाती होती, आणि त्याच्याच सूचनेवरून 'हारफर्ड' या मूळ आडनावाचे 'हार्टफर्ड' झाले.

'डॉक्टर झिवागो' हा चित्रपट पाहून घरी आल्यावर आपण 'जेंटल ऑन माय माइंड' लिहिले आणि त्याला फार वेळ लागला नाही, असे तो स्वतः सांगत असे. १९६७ मध्ये ते त्याच्याच आवाजात बाहेर पडले. कॅम्पबेलने ते रेडिओवर ऐकले आणि त्याच वर्षी स्वतः गायले. फेब्रुवारी १९६८ च्या ग्रॅमी सोहळ्यात या एका गाण्याला चार पुरस्कार मिळाले, त्यांतले दोन हार्टफर्डचे आणि दोन कॅम्पबेलचे. त्याच सुमारास लॉस एंजेलिसमध्ये सीबीएस या दूरचित्रवाणी वाहिनीवरच्या 'स्मदर्स ब्रदर्स'च्या कार्यक्रमात तो लेखक आणि वादक म्हणून काम करू लागला. १९६९ मध्ये कॅम्पबेलचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्याचे शीर्षकगीत हेच होते, आणि प्रेक्षकांतून उठून बँजोवर त्याची सुरावट छेडणारा माणूस हार्टफर्ड होता. म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर त्याच्यापुढे दूरचित्रवाणीची सगळी दारे उघडी होती. तिथून तो नॅशव्हिलला परतला, आणि परतल्यावर त्याने जे केले त्याविषयी येथील जाणकारांनी लिहावे अशी विनंती आहे.

तिरपी रेघ

गाण्याच्या बांधणीविषयी थोडे लिहितो, कारण 'साधे, सुरेख गाणे' एवढ्यावर त्याची बोळवण होते आणि ते साधे मुळीच नाही.

या गाण्याला ध्रुवपद नाही. नॅशव्हिलच्या त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे श्रोत्याला दर मिनिटाला परत आणून बसवणारी ओळ हवीच असे, आणि ती जितकी सोपी तितकी बरी. हार्टफर्डने चार कडवी लिहिली, आणि प्रत्येक कडवे म्हणजे व्याकरणदृष्ट्या जवळजवळ एकच लांबलचक वाक्य आहे. पोटवाक्यात पोटवाक्य गुंफत ते शेवटच्या ओळीपर्यंत जाते आणि तिथे शीर्षकाच्या शब्दांवर टेकते. मुखडा आणि अंतरा यांवर पोसलेल्या आपल्या कानाला पहिल्यांदा ऐकताना यात काहीतरी निसटल्यासारखे वाटते. गाणाऱ्याचे हाल वेगळेच होतात, कारण श्वास घ्यायला जागा ठेवलेली नाही आणि तो शब्दांच्या मधल्या फटींत चोरून घ्यावा लागतो. कॅम्पबेलचे मोठेपण इथे दिसते. त्याने ही ओढाताण ऐकणाऱ्याला जाणवूच दिली नाही.

चालीचा पल्ला लहान आहे आणि बऱ्याचदा एकाच स्वरावर अक्षरांची रांग चालते. हालचाल आहे ती साथीच्या स्वरमेळांत (कॉर्ड्समध्ये). पहिल्या मेळात एक आतला स्वर षड्जावरून निषादावर, तिथून धैवतावर उतरतो आणि पुन्हा निषादावर चढतो. वरचे शब्द धावत असताना आत हे सावकाश येणेजाणे चालू राहते. गिटार हाती असलेल्यांनी सी, सी मेजर सेव्हन, सी सिक्स्थ आणि परत सी मेजर सेव्हन हा क्रम वाजवून पाहावा, म्हणजे मी काय म्हणतो ते लगेच कळेल. असे आतले चलन मन्रोच्या ब्लूग्रासमध्ये सहसा सापडत नाही. साठच्या दशकातली शहरी लोकगीते आणि जॅझ कानावरून गेलेल्या माणसाचे हे काम आहे.

आशयाविषयी माझी एक तक्रार आहे. बोलणारा पुरुष भटक्या आहे. सही-शिक्क्याच्या कागदाने बांधलेले नसल्यामुळेच तुझी आठवण सोपी वाटते, असे तो तिला सांगतो आणि रेल्वेच्या यार्डात कुठेतरी कपभर सूप पीत तिला आठवत राहतो. ती बाई मात्र पूर्ण गाण्यात आठवण म्हणूनच उरते, तिचे दार सदैव उघडे असते आणि तिला स्वतःचे काही म्हणणे नसते. हार्टफर्डची भाषा इतकी लाघवी आहे की हे पटकन लक्षात येत नाही. तरी चांगल्या गाण्याची खोट दिसली तर ती बोलून दाखवावी, एवढ्यासाठी लिहिले.

दोन आणे

मूळ लेखातला 'व्यवहार' हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याची यंत्रणा सांगतो. अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताला दोन वेगळे हक्क असतात. एक गाण्याचा, म्हणजे शब्द आणि चालीचा, आणि दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. हार्टफर्डच्या हाती पहिला हक्क होता. १९०९ च्या कायद्याने विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे गाण्याच्या हक्कदाराला दोन सेंट ठरवून दिले होते आणि हा दर १९७७ अखेरपर्यंत तसाच राहिला. हे दोन सेंट प्रकाशक आणि गीतकार यांच्यात सहसा निम्मे वाटले जात. गीतकाराच्या वाट्याला एक सेंट, म्हणजे वरवर पाहता भिक्षाच. पण याच कायद्यात अशी सोय होती की गाणे एकदा परवानगीने बाहेर आले की पुढे कोणीही ठरलेला दर भरून ते गाऊ शकत असे, पुन्हा विचारावे लागत नसे. त्यामुळे १९६८–६९ या दोन वर्षांत फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, एल्व्हिस प्रेस्ली, अरिथा फ्रँकलिन अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या गायकांनी हे गाणे आपापल्या तबकडीवर घेतले. डीन मार्टिनची आवृत्ती १९६९ मध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे शेकडो आवृत्त्या झाल्या.

खरी धार रेडिओची. अमेरिकेच्या पारंपरिक रेडिओवर गाणे वाजले की पैसे गीतकार आणि प्रकाशक यांना मिळतात, गायकाला किंवा ध्वनिमुद्रण कंपनीला मिळत नाहीत. ही रीत आजही तशीच आहे. म्हणजे कॅम्पबेलची तबकडी एखाद्या गावच्या केंद्रावर लागली की हार्टफर्डच्या खात्यात भर पडत होती आणि कॅम्पबेलच्या खात्यात त्या वाजण्याचा छदामही जात नव्हता. त्याखेरीज दूरचित्रवाणीचे शीर्षकगीत म्हणून दर आठवड्याला होणाऱ्या प्रसारणाची रक्कम वेगळी. एकदा गाणे रेडिओच्या अंगवळणी पडले की ते पेन्शनसारखे येत राहते.

आपल्याकडे गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनातला समान वाटा सोडून देता येणार नाही अशी तरतूद व्हायला २०१२ ची कायदादुरुस्ती उजाडावी लागली. तोवर एकरकमी बिदागी घेऊन मोकळे होण्याची पद्धतच रूढ होती. हार्टफर्डच्या जागी तशी पद्धत असती तर त्याला पुढचे पाचपन्नास करार करत बसावे लागले असते आणि या धाग्यात चर्चा करण्यासारखे फारसे काही घडले नसते.

अनवट

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला थोडा विरोधी सूर लावायचा आहे.

पहिला मुद्दा असा की हार्टफर्डला ब्लूग्रास संगीतकार म्हणणे कितपत योग्य आहे? ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या मन्रोच्या संगीताला कडक शिस्त होती. मँडोलिन, फिडल, बँजो, गिटार आणि उभा बास हा संच ठरलेला, प्रत्येकाने आपली पाळी आली की पुढे येऊन वाजवायचे आणि पाळी संपली की मागे सरायचे, अंगावर सूट आणि डोक्यावर हॅट, आवाज उंच पट्टीत आणि तंग. हार्टफर्डचा आवाज खालचा, मिस्कील, बोलल्यासारखा. सत्तरच्या दशकात त्याने एकट्याने मंचावर उभे राहून पायांनी ताल धरून केलेले कार्यक्रम हा मला नाट्यप्रयोग वाटतो.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. पैशाने मोकळीक दिली हे खरे, पण त्या मोकळिकीत गीतकार हार्टफर्ड हळूहळू नाहीसा झाला, हेही तितकेच खरे. ज्याला तशी वाक्ये लिहिता येत होती त्याने पुढे गमतीची गाणी, तोंडाने काढलेले आवाज आणि बोटींची वर्णने यांवर आपली शक्ती खर्च केली. गरज ही कलावंताला कामाला जुंपते. त्याला गरज राहिली नाही. आपण याला मुक्ती म्हणतो, पण मला तो काही अंशी आळस दिसतो.

नदीपल्याड

मी बरीच वर्षे मिझुरीत राहतो. 'बोटींची वर्णने' या शब्दांत नदीचा विषय निकालात निघाला, म्हणून मध्ये बोलतो.

सेंट लुइसमध्ये मिसिसिपी ही देखाव्याची नदी नाही. मालाच्या पडावांच्या जुड्या दिवसरात्र येजा करत असतात, पाणी गढूळ आणि वेगवान असते, आणि तळाची वाळू सतत सरकत असल्यामुळे गेल्या वर्षी जिथे खोल पाणी होते तिथे यंदा उथळ असू शकते. हार्टफर्ड लहान असताना रूथ फेरिस नावाच्या शिक्षिका त्याला शाळेत होत्या आणि जुन्या वाफेच्या बोटींचे वेड त्यांनीच त्याला लावले. ते आयुष्यभर टिकले. किशोरवयात त्याने नदीवर कामही केले. गाण्याचा पैसा आल्यावर त्याने पायलटच्या परवान्यासाठी लागणारी उमेदवारी केली, परीक्षा दिली आणि मग तो उन्हाळ्यांत 'जुलिया बेल स्वेन' या बोटीवर प्रत्यक्ष काम करू लागला. ही बोट १९७१ मध्ये बांधलेली असली तरी चालायची खऱ्या वाफेच्या इंजिनावर, मागच्या बाजूला पाण्याचे मोठे चाक असलेली.

पायलटचे काम म्हणजे नदीचा प्रत्येक वाक, प्रत्येक पूल, प्रत्येक दिवा तोंडपाठ असणे आणि तरीही आजचे पाणी वेगळे आहे हे धरून चालणे. त्याच्या १९७६ च्या 'मार्क ट्वँग' या अल्बममधली नदीची गाणी ऐकताना हे ज्ञान जाणवते. बोटीचे भाग, माणसांची कामे, घाटांची नावे त्यांत अशा सहजतेने येतात की ती काठावर उभे राहून लिहिलेली नाहीत हे कळते. आळशी माणूस पायलट होत नाही, अनवट. टेनेसीतल्या मॅडिसन इथले त्याचे घरही कंबरलंड नदीच्या वळणावर होते आणि तिथून तो जाणाऱ्या पडावांच्या चालकांशी रेडिओवर बोलत असे.

खर्जषड्ज

अनवट यांचे दोन्ही मुद्दे विचारात घेण्याजोगे आहेत. पहिल्याचे उत्तर १९७१ च्या 'एरिओ-प्लेन' या त्याच्या अल्बममध्ये आहे.

हा संच (अल्बम) वॉर्नर ब्रदर्स या कंपनीने काढला आणि त्याचा निर्माता डेव्हिड ब्रॉम्बर्ग होता. वादकांची नावे पाहा. फिडलवर व्हासर क्लेमेंट्स, जो मन्रोच्याच वाद्यवृंदात तयार झालेला. गिटारवर नॉर्मन ब्लेक, डोब्रोवर (आडव्या धरून वाजवायच्या गिटारवर) टट टेलर आणि इलेक्ट्रिक बासवर अर्ल स्क्रग्जचा मुलगा रँडी स्क्रग्ज. म्हणजे परंपरेतली माणसे घेऊन हार्टफर्डने तिच्या शिस्तीचा एक एक खिळा सैल केला. पाळीपाळीने पुढे येण्याऐवजी सगळे एकमेकांच्या वादनात शिरतात. विषयही बदलले. गांजा आहे, नॅशव्हिलमधली जुनी इमारत पाडायच्या बेतावरचा त्रागा आहे, निव्वळ निरर्थक ध्वनींची मौज आहे. आरसीएने काढलेल्या आधीच्या अल्बमच्या आवरणांवर नीटनेटका दिसणारा माणूस या आवरणावर लांब दाढी आणि विमानचालकाचा चष्मा लावून बसला आहे.

विक्री बेताचीच झाली आणि कंपनीचा रस आटला. पुढच्या वर्षीच्या 'मॉर्निंग ब्युगल'मध्ये त्याने ब्लेकच्या जोडीला जॅझवादक माइल्स डेव्हिसकडे वाजवलेला डेव्ह हॉलंड हा बासवादक घेतला, ज्याचा नॅशव्हिलशी सुतराम संबंध नव्हता. तोही संच फारसा खपला नाही आणि वॉर्नरचा अध्याय तिथे संपला. पण 'न्यू ग्रास रिव्हायव्हल' या वाद्यवृंदाचा सॅम बुश आणि त्याच्या पिढीचे अनेक वादक 'एरिओ-प्लेन'ला आपल्या वाटचालीचा आरंभ मानतात. ब्लूग्रासचा जो फाटा पुढे 'न्यूग्रास' म्हणून ओळखला गेला तो या संचातून फुटला, असे म्हटले तर फार कोणी वाद घालणार नाही. २०१० मध्ये ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हार्टफर्डला मरणोत्तर आपल्या सन्मानितांच्या यादीत घेतले, तेव्हा घरच्यांनी तरी त्याला आपला म्हटले आहे.

दुसऱ्या मुद्द्याशी मी अर्धाच सहमत आहे. गाणी कमी झाली, पण लेखणी थांबली नाही. त्याविषयी पुढे लिहीन.

पाचवी तार

बँजो शिकणाऱ्याच्या नजरेतून काही गोष्टी मांडतो.

पाच तारांच्या बँजोची पाचवी तार आखूड असते, तिची खुंटी दांडीच्या मध्यावर असते आणि ती अंगठ्याने छेडली जाते. सतारीच्या चिकारीसारखी ती वरच्या स्वरात मध्ये मध्ये खणकत राहते. स्क्रग्जच्या शैलीत अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांना नख्या लावून आठ-आठ स्वरांची आवर्तने अखंड फिरवायची असतात आणि चाल त्या आवर्तनांतून वर उठून दिसायला हवी. नवशिक्याची सगळी अडचण इथेच होते, कारण बोटे धावतात आणि चाल बुडते.

हार्टफर्डने या शैलीत एक मोठा बदल केला. त्याने बँजो नेहमीपेक्षा पुष्कळ खालच्या स्वरात लावला. प्रचलित लावणी (तारा स्वरांत जुळवण्याची पद्धत) 'जी मेजर' या स्वरमेळाची आहे, ती उतरवली की वाद्याचा खणखणाट जातो आणि गोलाई येते. त्याच्या खर्जातल्या आवाजाला ते पूरक होते. मात्र तारा सैल झाल्यावर सामान्य बँजो फटफटतो. डीअरिंग कंपनीने पुढे त्याच्या नावाचा जो नमुना काढला त्यात धातूच्या कड्याऐवजी ग्रेनाडिलो लाकडाचे कडे बसवले आहे. त्यामुळे वजन घटते आणि नाद मऊ होतो. खालच्या लावणीत हा फरक पहिल्या झटक्यात ऐकू येतो.

आता पायांविषयी. अनवट ज्याला नाट्यप्रयोग म्हणतात त्यात हार्टफर्ड प्लायवूडच्या तक्त्यावर उभा राहत असे. तक्त्याचा आवाज ध्वनिवर्धकातून येई, आणि फिडल वाजवत, गात, तो बुटांनी ताल धरत असे. अप्पालाचियन डोंगराळ भागातल्या क्लॉगिंग या पाय आपटून ताल धरण्याच्या नाचाची ही रीत आहे. करून पाहावे. फिडलचा गज एका लयीत, पाय तिच्या दुपटीत आणि गाणे या दोहोंच्या किंचित मागे, असे तिन्ही एकाच शरीरात सांभाळायचे. मला बसल्या जागी पाय आणि उजवा हात वेगळे ठेवता येत नाहीत. 'मार्क ट्वँग' असा एकट्याने, साथीला कोणी न घेता केलेला आहे आणि त्याला पारंपरिक संगीताच्या गटात ग्रॅमी मिळाले.

अनवट

नदीपल्याड, पायलटच्या परीक्षेबद्दल आपण लिहिलेत ते मान्य, आळस हा शब्द मागे घेतो. पाचवी तार यांनी सांगितल्यावर 'मार्क ट्वँग' पुन्हा ऐकला आणि पायांकडे लक्ष दिले. एका गाण्यात तो मधूनच पाय थांबवतो आणि फिडल एकटी पडते, तेव्हा इतका वेळ तळाशी केवढे काम चालले होते हे उमगते.

गीतकाराविषयीचे माझे म्हणणे मात्र कायम आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीच्या काही संचांत चांगल्या कल्पना अर्ध्यावर सोडलेल्या दिसतात. एखादा विनोद तीन मिनिटे ताणलेला असतो आणि त्याला 'थांब' म्हणणारे कोणी नसते. ज्याला कंपनीचे ऐकावे लागत नाही त्याला संपादकही मिळत नाही, ही या व्यवहाराची दुसरी बाजू दोन आणे यांनी जमेस धरावी.

सारिपाट

आतापर्यंत कोणी एड हेलीचे नाव घेतले नाही, म्हणून लिहिते. हार्टफर्डच्या शेवटच्या दशकाचा तो मुख्य विषय होता आणि माझ्या मते त्याच्या आयुष्यातले सर्वांत चिकाटीचे काम हेच.

जेम्स एडवर्ड हेली (१८८५–१९५१) हा वेस्ट व्हर्जिनियातला अंध फिडलवादक. पुढे तो केंटकीतल्या ॲशलंडमध्ये राहिला. त्याची पत्नी एलाही अंध होती आणि मँडोलिन वाजवत असे. दोघे न्यायालयाच्या आवारात, रस्त्याच्या कोपऱ्यांवर, बोटींच्या धक्क्यांवर वाजवून कुटुंब पोसत. हेलीने व्यापारी ध्वनिमुद्रण कधी केले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा मुलगा राल्फ याने घरगुती यंत्रावर तबकड्या कापून घेतल्या, त्या पुढे भावंडांत वाटल्या गेल्या आणि काही गहाळ झाल्या. उरलेल्यांतून १९७६ मध्ये राउंडर कंपनीने एक संच काढला. तो हार्टफर्डच्या हाती आला आणि तो त्यात गुंतत गेला.

तो हेलीच्या मुलांकडे गेला, शेजाऱ्यांना आणि जुन्या वादकांना भेटला, जुनी छायाचित्रे जमवली. हेली फिडल हनुवटीखाली न धरता छातीशी कसा टेकवत असे, गज कुठे धरत असे, वाजवताना वाद्यच गजाखाली कसे फिरवत असे, अशा बारीकसारीक गोष्टी त्याने कुटुंबीयांना विचारून घेतल्या आणि स्वतःच्या हातावर करून पाहिल्या. त्याच्या सहभागाने १९९७ मध्ये 'फोर्क्ड डिअर' आणि १९९८ मध्ये 'ग्रे ईगल' असे हेलीच्या वादनाचे संच राउंडरकडून आले. करकरणाऱ्या घरगुती तबकड्यांच्या आडून तो गज ऐकू येतो, आणि एकच चाल दुसऱ्या फेरीत तशीच न वाजवण्याचा हेलीचा आग्रह स्पष्ट दिसतो. १९९८ मध्येच हार्टफर्डने हेलीच्या चालींवर आधारित स्वतःचा 'द स्पीड ऑफ द ओल्ड लाँग बो' काढला. घराण्याच्या गायकीत उस्तादाची तबकडी घासून घासून ऐकणारे शिष्य आपल्याला परिचित आहेत. इथे शिष्य साठीकडे झुकलेला होता, ग्रॅमी घेऊन बसलेला होता, आणि गुरू पंचेचाळीस वर्षांपूर्वी वारलेला.

अनवट यांनी विचारलेल्या संपादकाचे उत्तर मला इथे दिसते. हार्टफर्डने तो हेलीत शोधला. नव्वदच्या दशकातल्या त्याच्या वादनात पूर्वीचे पाल्हाळ नाही.

दोन आणे

सारिपाट, हे ठाऊक नव्हते, आभार. अनवट यांचा संपादकाचा मुद्दाही जमेस धरला. पैशाच्या बाजूने इतकेच सांगतो की मेलेल्या, कधी न विकल्या गेलेल्या फिडलवादकाच्या शोधात राज्याराज्यांतून फिरायला कोणी कंपनी उचल देत नाही. तो खर्च कॅम्पबेलच्या गाण्यानेच भागवला असणार.

एक प्रश्न : 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' या चित्रपटाशी त्याचा संबंध नेमका काय? त्याचे नाव त्या संदर्भात बरेचदा दिसते.

खर्जषड्ज

त्या चित्रपटाचे संगीत टी बोन बर्नेटने जमवले आणि त्यात 'इंडियन वॉर हूप' ही फिडलची चाल हार्टफर्डने वाजवली आहे. चित्रपटातल्या संगीतकारांचा एक जाहीर कार्यक्रम २४ मे २००० रोजी नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात झाला, त्याचे सूत्रसंचालनही त्यानेच केले. मी वर 'जुनी इमारत पाडायच्या बेतावरचा त्रागा' असे लिहिले ती इमारत म्हणजे हेच रायमन. 'ग्रँड ओल ऑप्री' हा रेडिओवरचा कार्यक्रम मार्च १९७४ मध्ये तिथून हलवला गेला. वास्तू पाडली गेली नाही आणि १९९४ मध्ये ती दुरुस्त होऊन पुन्हा खुली झाली. 'एरिओ-प्लेन'वर तिच्यासाठी गळा काढणारा माणूस तिथेच यजमान म्हणून उभा राहिला. फेब्रुवारी २००२ मध्ये या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी मिळाले, पण तोवर तो नव्हता.

१९८० च्या आसपास त्याला नॉन-हॉजकिन लिम्फोमा हा रक्ताशी संबंधित कर्करोग असल्याचे निदान झाले होते. त्यानंतर वीस वर्षे त्याने कार्यक्रम केले. त्याच्या अखेरच्या वाद्यवृंदात माइक कॉम्प्टन मँडोलिनवर आणि बॉब कार्लिन बँजोवर होता, म्हणजे बँजोमुळे नाव झालेल्या माणसाने बँजो दुसऱ्याच्या हाती देऊन स्वतः फिडल घेतली. २००१ च्या वसंतात टेक्सासमधल्या कार्यक्रमांच्या सुमारास त्याचे हात वाजवण्याजोगे राहिले नाहीत आणि ४ जून २००१ रोजी नॅशव्हिलमध्ये त्याचे निधन झाले.

लेखणी थांबली नाही असे मी म्हणालो होतो, त्याचा पुरावा मागे राहिलेल्या वह्यांत आहे. त्याने फिडलसाठी दोन हजारांवर चाली स्वतःच्या हाताने नोटेशनमध्ये लिहून ठेवल्या होत्या. त्याचे अक्षर चित्रकाराचे, वळणदार. त्याच्या मुलीने इतर दोन अभ्यासकांसह त्यांतल्या १७६ चालींचे पुस्तक २०१८ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०२० मध्ये आजच्या वादकांनी त्यांतल्या काही वाजवून संच काढला, ज्याला ब्लूग्रास गटात ग्रॅमीचे नामांकन मिळाले. अनवट, शब्द कमी झाले हे तुमचे म्हणणे मी मान्य करतो. गीतकार उतरणीला लागला तेव्हा चाली करणारा चढणीवर होता, एवढे तुम्ही मान्य करावे.

अनवट

चालींपुरते मान्य. त्या २०२० च्या संचातल्या चार ऐकल्या. दोन उत्तम आहेत, एक ठीक, आणि एकीत हार्टफर्डचा मिस्कीलपणा शब्दांवाचूनही शाबूत आहे. उरलेल्या ऐकून मग भांडायला येईन.

पाचवी तार

नव्याने ऐकणाऱ्यांसाठी माझा क्रम देतो. आधी हार्टफर्डच्याच आवाजातले १९६७ चे मूळ गाणे ऐकावे, कॅम्पबेलचे नंतर. मग 'एरिओ-प्लेन' सलग, मध्ये न थांबता. 'मार्क ट्वँग'साठी हेडफोन लावावेत, पायांचा आवाज मोबाइलच्या स्पीकरवर हरवतो. हेलीच्या तबकड्या त्याच्या 'लाँग बो'च्या आधी ऐकाव्यात, म्हणजे त्याने काय उचलले आणि काय सोडले ते कळते. बँजो शिकणाऱ्यांनी खालची लावणी करून पाहायची असेल तर आधी जाड तारा आणाव्यात. नेहमीच्या तारांवर ती करू नये, घोडी जागेवर राहत नाही.